जर्मनचे ऑडिओ धडे कुठल्या क्रमाने ऐकायचे? (माझ्याकडे १ नंतर १० लागला)

तिसरी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर असतो. डिप्लोमा मेकॅनिकल. जर्मनीत आउसबिल्डुंगला, म्हणजे पगारी शिकाऊ उमेदवारीला जायचं डोक्यात आहे. त्याला बहुतेक ठिकाणी जर्मनची बी१ पातळी मागतात (ए१ सगळ्यात खालची, मग ए२, बी१, बी२ अशा चढत जातात). शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळं क्लास जमत नाही. बसमध्ये स्क्रीनकडं बघितलं की मळमळतं. राहिले कान.

मित्रानं पेनड्राइव्हवर डॉइचे वेले या जर्मन रेडिओचा जुना कोर्स दिला, 'डॉइच – वारुम निश्त?', म्हणजे 'जर्मन – का नको?'. चार भाग, दर भागात २६ धडे. आंद्रेआस नावाचा पत्रकारितेचा विद्यार्थी आखेन शहरात एका हॉटेलात पोर्टरचं काम करतो, अशी गोष्ट आहे. पहिला धडा छान गेला. नमस्कार-चमत्कार, नाव-गाव. दुसऱ्या दिवशी पुढचा लावला तर सगळं डोक्यावरून. एक बाई मध्येच बोलते, ती कुणाला दिसत नाही, नाव एक्स. ही कधी आली, कुठून आली, आंद्रेआस तिला ऐकून दचकत कसा नाही, काही पत्ता नाही. मला वाटलं जर्मन लोकांची शिकवायची पद्धतच अशी कडक असेल. इमानदारीत तोच धडा तीन-चार दिवस ऐकला. मग त्याच्या पुढचा. असे बारा दिवस काढले.

तेराव्या दिवशी रविवार. घरी निवांत फोन बघितला तर प्लेअरनं फाइली अशा लावलेल्या: १, १०, ११, १२ करत १९, मग २, मग २०. म्हणजे मी पहिलीतून थेट दहावीत बसलेलो.

त्याच दिवशी दोन नंबरचा धडा लावला आणि तो इतका सोपा गेला की लाज वाटली. आता प्रश्न असा की नीट २ पासून सुरू करू, का १३ पर्यंत पोचलोच आहे तर तसंच पुढं जाऊ? पेनड्राइव्हवर 'रेडिओ डी'चे पण दोन भाग आहेत, २६ आणि २६. ते मध्ये मध्ये घालू का? आमच्या इथला एक पोरगा म्हणतो सगळ्या कोर्समधले आधी फक्त बाजार आणि स्टेशनचे धडे काढून ऐक. कुणी हा गोंधळ आधी घातला असेल तर सांगा.

गल्लीतला_गटे

आधी फाइलींची नावं बदल मर्दा. १ चं ०१ कर, २ चं ०२. भागाला नऊच फाइली बदलायच्या, चहा निवायच्या आत होतंय. मशीनला झिरो सेट केल्याशिवाय जॉब लावतोस काय?

आणि चारही भाग एकाच फोल्डरात ओतू नको. नाहीतर पहिल्या भागाचा ०१, दुसऱ्याचा ०१, तिसऱ्याचा ०१ असे सलग लागतील आणि ती एक्स परत घाबरवील.

व्याकरणवाली

मी मूळची शहापूरची, पुण्यात जर्मन शिकवते. २ पासूनच सुरू करा. गोष्टीच्या कोर्समध्ये दहाव्या धड्यात वापरलेले शब्द आधीच्या नऊ धड्यांत कुठेतरी येऊन गेलेले असतात, म्हणून निवेदक ते परत समजावत नाही. तुम्हाला वाटतं आपला कान मंद आहे. कान ठीक आहे, उधारी वाढलेली आहे.

'रेडिओ डी' आत्ता मिसळू नका. दोन्ही कोर्स 'माझं नाव अमुक' पासूनच निघतात, पण पुढं वाटा वेगळ्या होतात. एकानं शिकवलेलं दुसरा गृहीत धरत नाही, आणि एकानं गृहीत धरलेलं दुसऱ्यानं अजून शिकवलेलं नसतं. माझ्याकडं एक मुलगा आला होता, फोनमध्ये सहा ॲप, सहाही ठिकाणी आठव्या धड्यावर अडकलेला. सहा वेळा 'माझं नाव' मात्र फर्डं बोलायचा. तुम्ही पहिल्या भागाचे २६ संपवा आणि मग 'रेडिओ डी'चा पहिला भाग भरभर ऐका. ओळखीचंच सामान नव्या आवाजात ऐकायला मिळेल, आणि आपल्याला खरंच काय येतं ते तिथं कळतं.

कारलं_तळलेलं

हे क्रमाचं फॅड मास्तर लोकांनी काढलंय. आपण बेळगाव भागातली माणसं कन्नड कुठल्या क्रमानं शिकलो? कंडक्टर 'मुंदक होग्री' म्हणाला, आपण पुढं सरकलो. 'चिल्लर कोड्री' म्हणाला, हात खिशात गेला. म्हणजे धडा पहिला आज्ञार्थ! कुठल्या कोर्सात आज्ञार्थ पहिला असतो? मी रोज सकाळी डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या लावतो. कळतंय असं नाही. कान तयार होतो.

व्याकरणवाली

त्या बातम्या बी२-सी१ वाल्यांसाठी असतात हो. आणि कंडक्टर नुसता बोलत नव्हता. हातानं दाखवत होता, शिवाय मागून अख्खी बस ढकलत होती. इयरफोनमध्ये कोण ढकलतंय? किती दिवस ऐकताय तुम्ही?

कारलं_तळलेलं

आठ महिने. 'बुंडेसकान्त्सलर' आणि 'प्रोत्सेंट' एकदम स्पष्ट कळतात.

गल्लीतला_गटे

चला, चॅन्सेलरशी टक्केवारीवर बोलायची सोय झाली.

निपाणीची_सिस्टर

भाऊ, मी नर्सिंगवाली. आमच्याकडं बी२ लागतं, मी सध्या बी१ संपवतेय. अनुभवातून सांगते. परीक्षा द्यायचीच असेल तर परीक्षेत काय किती वेळा ऐकवतात ते आजच बघून ठेवा. गोएटे इन्स्टिट्यूटच्या ए१ परीक्षेला ऐकण्याचे तीन भाग असतात, मिळून वीसेक मिनिटं. पहिला आणि तिसरा भाग दोनदा ऐकवतात. दुसरा एकदाच, आणि त्यात नेमक्या स्टेशनवरच्या, दुकानातल्या घोषणा. मी घरी प्रत्येक गोष्ट दहा वेळा ऐकायची सवय लावलेली. घोषणा सुरू झाली, मी मनात म्हटलं पुढच्या वेळी नीट ऐकू, आणि पुढची वेळ आलीच नाही. पास झाले, पण त्या भागात सपाटून मार्क गेले.

तेव्हापासून नवा धडा आधी एकदाच लावते. फोन उलटा ठेवते. काय कळलं ते मराठीत दोन ओळी लिहिते, मग कितीही वेळा ऐका. बी१ला पण चारपैकी दोन भाग एकदाच ऐकवतात. बी१चं बरं हे की वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं ही चार मॉड्यूलं वेगवेगळी देता येतात, प्रत्येकात ६० लागतात.

बाजार-स्टेशन आधी काढून ऐक म्हणणाऱ्या पोराचं पूर्ण चूक नाही. पण ते कोर्समधून काढू नका. गोष्टीतला स्टेशनचा धडा गोष्टीसकट येतो. नुसत्या घोषणा ऐकायला गोएटेच्या साइटवर नमुना परीक्षेचे ऑडिओ फुकट आहेत.

तिसरी_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. नावं बदलली. ०२ पासून सुरू केलं.

एक सांगतो, कारलं भाऊंचं सगळंच चूक वाटत नाही. तो १० नंबरचा धडा मी कमीत कमी पंधरा वेळा ऐकला असेन. अर्थ शून्य, पण चाल पाठ. आता ०४, ०५ ऐकताना मध्येच त्यातले तुकडे सापडायलेत आणि 'अच्छा, हे होतं व्हय ते' असं होतंय. नवीन शब्द शिकल्यासारखं वाटत नाही, हरवलेला सापडल्यासारखं वाटतं.

हिशेबनीस

क्रमाबद्दल सगळे बोलले, परतीच्या क्रमाबद्दल कुणीच नाही. पॉल पिम्सलर नावाच्या माणसानं १९६७ मध्ये उजळणीचं एक वेळापत्रक मांडलं होतं. नवा शब्द ऐकल्यावर ५ सेकंदांनी परत, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटं, १० मिनिटं, तास, ५ तास, दिवस, ५ दिवस, २५ दिवस, ४ महिने, २ वर्षं. दर वेळी साधारण पाचपट. त्याच्या नावाचे ऑडिओ धडे याच तत्त्वावर आहेत. तुमच्या रेडिओ कोर्सात ही सोय आतून नाही, पण बस आहे की. जाताना नवा धडा. येताना तोच, म्हणजे ड्यूटी मधे गेली, पाचाच्या जागी आठ तास झाले, चालतंय. त्याच्या मागं कालचा आणि पाच दिवसांपूर्वीचा. पंधराएक मिनिटांचा धडा असेल तर तीन धडे सहज बसतात. खानापूर यायच्या आत संपतंय.

मी स्वतः जर्मन शिकत नाही. पोरीच्या पाठांतरासाठी हे काढलं होतं.

टिळकवाडीची_आजी

मी ७१ वर्षांची आहे, नातू श्टुटगार्टला असतो, त्याच्यासाठी शिकते. माझा सल्ला कुणी विचारला नाही तरी देते. आकडे आणि घड्याळाचे धडे जिथे असतील तिथून उचलून आधी ऐका. आपल्याला ते फुकटात येतात.

इंग्रजीत 'वीस-पाच' म्हणतात, कन्नडातही 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आधी. आपण पंचवीस, पाच आधी. जर्मनही 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. इंग्रजी मीडियमची पोरं इथे रडकुंडीला येतात, आपण नाही. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस असले आकडे सांभाळा. ते लोक नऊ-आणि-वीस म्हणतात, तिसातून एक वजा करत बसत नाहीत.

खरी मजा घड्याळात आहे. सून म्हणाली, रविवारी त्यांच्या 'हाल्प फीअर'ला फोन लावते. मी म्हटलं फीअर म्हणजे चार, हाल्प म्हणजे अर्धा, झाले साडेचार. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, तो हिशेब करून रात्री आठला बसले. नातू तासभर आधीच वाट बघून खेळायला गेलेला. हाल्प फीअर म्हणजे साडेतीन! अर्धा चौथा. चौथा तास अर्धा झालाय.

मग रात्री अंथरुणात लक्षात आलं. अहो, हे तर औट! माझ्या वडिलांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे घोकून घेतले होते. औट म्हणजे साडेतीन, मूळ संस्कृत अर्धचतुर्थ. 'औट घटकेचा राजा' म्हणतो तो हाच औट. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तेच 'हाल्प द्राय'. दीडला ते 'आन्डरटहाल्प' म्हणतात, दुसरा अर्धा. जुन्या जर्मनमध्ये 'आन्डर' म्हणजे दुसरा. आपण औटकी सोडली, त्यांनी धरून ठेवली एवढंच. आणि उन्हाळ्यातला त्यांच्या-आपल्यातला फरक तरी किती? औट तास. हिवाळ्यात मात्र साडेचार, तेव्हा ही युक्ती चालत नाही.

व्याकरणवाली

आजी, तुमचं हे उद्या वर्गात सांगणार आहे, आधीच कबूल करते.

तुमच्यामुळं माझा मुद्दा मला थोडा बदलावा लागतोय. धडे क्रमानंच ऐका हे कायम. पण हे कोर्स रचताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढं इंग्रजी बोलणारा असतो. त्याला जे जड, ते शेवटी. आपल्याला जड ते वेगळं. 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं: 'वाइल इश काइने त्साइट हाबे'. इंग्रजीवाल्याला हे उलटं वाटतं, म्हणून बिचाऱ्याला उशिरा देतात. आपण जन्मभर तेच करतोय, 'कारण मला वेळ नाहीये', क्रियापद टोकाला. 'मीअर इस्ट काल्ट' हे इंग्रजीवाल्याला अपवाद म्हणून पाठ करावं लागतं. आपण सरळ 'मला थंडी वाजते' म्हणतो, कन्नडात 'ननगे'. चतुर्थी आहे ती, दातीव. हे तुकडे धड्यात यायच्या आधीच कानावरून घातले तरी त्रास होत नाही.

उलट साधं विधान त्यांना सोपं म्हणून पहिल्या दोन-तीन धड्यांत उरकतात, आणि आपण आपटतो तिथं. जर्मन वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी म्हणजे दुसऱ्याच जागी. 'होय्टे फारे इश नाख बेळगाव', आज जातो मी बेळगावला. मराठीत असं बोललं तर लाडात आल्यासारखं वाटतं, तिथं तो नियम आहे. माझी मराठी मुलं बी१ला येऊन सुद्धा 'आज' म्हटल्यावर आधी 'मी' म्हणून मोकळी होतात. म्हणून ०२ ते ०९ हे 'सोपे' धडे भरभर टाकू नका. त्यातली वाक्यं थांबवून, 'आज', 'उद्या', 'इथे' पुढं लावून मोठ्यानं म्हणा.

उच्चाराचं तर आपल्याकडं घरचंच आहे. 'त्साइट'मधला त्स म्हणजे 'चाक', 'चूल' मधला आपला च. हिंदीवाल्यांना तो शिकवावा लागतो.

तिसरी_शिफ्ट

बसमध्ये मोठ्यानं म्हणायचं?

व्याकरणवाली

मशीनवर म्हणा. तिथं तुमचं तुम्हाला तरी ऐकू येईल का?

गल्लीतला_गटे

मॅडम, एक शंका. आपल्याकडं पण तीन लिंगं, त्यांच्याकडं पण तीन. मग डेर-डी-दासचे, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणं पुढं लागणाऱ्या आर्टिकलचे, धडे सोडून दिले तर चालतील की?

व्याकरणवाली

अजिबात नाही. लिंग ही कल्पना समजवावी लागत नाही, एवढाच फायदा. चमचा दोन्हीकडं पुल्लिंगी. त्या आनंदात सुरी स्त्रीलिंगी धराल तर 'दास मेसर', नपुंसक. सूर्य तिकडं बाई. आर्टिकलसकटच ऐका आणि आर्टिकलसकटच म्हणा.

'दास मेडशेन', म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, याला मात्र सगळे हसतात. आपण हसायचं कारण नाही. 'शेन' हा लहानपणाचा प्रत्यय आहे, तो लागला की शब्द नपुंसक. आपलं लेकरू, कोकरू, पाखरू, वासरू बघा. ते लेकरू. खानापूरकडं कोकणी कानावर असेल तर 'तें चेडूं', म्हणजे मुलगी, आहेच.

गल्लीतला_गटे

आमची आजी मला अजून 'ते' म्हणते. मी दाढीवालं मेडशेन.

कारलं_तळलेलं

ठीक आहे, मी पण त्या रेडिओ कोर्सचा पहिला धडा ऐकला काल. फार सावकाश बोलतात. बातम्यांपेक्षा सावकाश. आठ महिने उगाच फास्ट पळलो काय कळेना.

निपाणीची_सिस्टर

दुसरा ऐका आज. दहावा नको.

तिसरी_शिफ्ट

सहा आठवड्यांनी परत आलोय. मध्ये नाइट शिफ्ट आली, एक आठवडा नुसता झोपलो. पहिल्या भागाचे २६ झाले. हिशेबनीस काकांचं वेळापत्रक पहिले दहा दिवस पाळलं, मग पाच दिवसांपूर्वीचा धडा कुठला ते आठवेना, म्हणून आता नुसतं जाताना नवा, येताना कालचा. सिस्टरचं फोन उलटा ठेवायचं मात्र सोडलेलं नाही. खिशातच असतो म्हणा, आपोआप उलटा.

१० नंबरला परत पोचलो तेव्हा मुद्दाम खिडकीकडं बसलो. तोच धडा, तेच आवाज, आणि सगळं कळत होतं. थोडं वाईट पण वाटलं. न कळता ऐकताना ती एक्स भुतासारखी होती, आता ती नुसती हॉटेलातल्या माणसांच्या खोड्या काढते.

'वाइल'ची वाक्यं तोंडात बसली. दुसऱ्या जागेचं क्रियापद अजून निसटतंय, मॅडम म्हणाल्या तसंच. मशीनवर पुटपुटतो, त्यामुळं शेजारचा ऑपरेटर दोनदा 'काय रे?' म्हणून आला.

आणि आजींसाठी. परवा गर्दीची बस, मी उभा, कानात धडा, त्यात घड्याळाचं काहीतरी आलं. 'हाल्प फीअर'. माझ्या तोंडून एकदम मोठ्यानं गेलं, 'औट!' कंडक्टर समोरच होता. तिकिटाचं मशीन हातात धरून माझ्याकडं बघत म्हणाला, 'अंथ स्टॉप इल्ल री.' म्हणजे असला स्टॉप नाही.

दुसऱ्या भागातली १७ नंबरची फाइल उघडत नाही. पेनड्राइव्हवरच खराब दिसतेय. कुणाकडं आहे का?

टिळकवाडीची_आजी

माझ्याकडे आहे. नावं ०१, ०२ करूनच ठेवली आहेत.